नऊ नंबरची जाळी

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी पूर्ण नावानं हाक मारली की आपल्या हातून काही चुकलं की काय, म्हणून तिच्या छातीत धस्स व्हायचं. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. शाळेतून आली की ती त्यांच्या टेबलाशी बसून केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरायची. पुढे शिक्षण फारसं झालं नाही, पण तो हात कामाला आला. अंतराळातल्या दुर्बिणींसाठी डिटेक्टर बनवणाऱ्या एका संस्थेत ती हंगामी तंत्रज्ञ म्हणून चिकटली आणि चौदा वर्षं हंगामीच राहिली.

काम काय, तर जाळ्या टांगणं. तांदळाच्या दाण्याएवढी एक जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी विणलेली, मधोमध बारीकसा ठिपका, तो तिचा थर्मामीटर. ही जाळी चार धाग्यांवर एका चौकटीत अधांतरी टांगायची. त्या धाग्यांना तिथे पाय म्हणत. प्रत्येक पायाच्या टोकाला गोंदाचा थेंब लावायचा, आणि तो थेंब एवढा लहान, की मायक्रोस्कोपखालीसुद्धा तो आधी दिसत नसे, त्याची सावली दिसे. शिंक आली तर सकाळपासूनचं काम गेलं म्हणून समजा. सर्दी झाली की चिमटाबाई आपणहून घरी बसायची.

अशा बारा जाळ्यांची एक रांग. ही रांग दुर्बिणीत बसायची होती, आणि ती दुर्बीण उजेड बघणारी नव्हती, ऊब बघणारी होती. तारे जन्माला येतात ते थंडगार धुळीच्या ढगांत, आणि त्या धुळीतून जी अगदी मंद, डोळ्यांना कधीच न दिसणारी ऊब निघते, ती टिपायची. पृथ्वीच्या हवेतली वाफ ती ऊब वाटेतच गिळून टाकते, म्हणून दुर्बीण वर पाठवायची. आणि दुर्बीण स्वतःच कोमट असली तर तिला स्वतःशिवाय दुसरं काही दिसणार नाही, म्हणून ती द्रव हेलियममध्ये गोठवून ठेवायची. हेलियम हळूहळू उडून जातो. तो संपला की दुर्बीण आंधळी. तोवर मात्र या जाळ्या इतक्या हळव्या, की विभागातला एक इंजिनिअर म्हणायचा, "पलीकडच्या गावात कुणी लाजलं तरी बाईंच्या जाळीला कळेल."

घरी तिचा नवरा होता. तो शहर बस चालवायचा. त्याला बायकोच्या कामाचं मोठं कौतुक, पण सरळ बोलून दाखवायची सवय नाही. "मी रोज शेकडो माणसं इकडून तिकडे नेतो," तो म्हणायचा, "आणि हिनं चौदा वर्षांत बारा जाळ्या हलवल्या. थकते मात्र हीच." आणि एकुलती एक लेक होती. तिला बाप मास्तरीण म्हणायचा, कारण बोलायला लागल्यापासून तिनं घरातल्या कुणाला चुकीचं वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. सातवीत असताना आईनं तिला एकदा कामाच्या ठिकाणी नेलं होतं. काचेपलीकडून आईला पांढऱ्या पोशाखात, तोंड-डोकं झाकून, तासभर एकाच जागी वाकलेली बघून पोरगी घरी आली आणि म्हणाली, "आई जे बनवते ना, त्यातून बघायचं काम मी करणार." आणि केलंही. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात जाऊन ती खगोलशास्त्र शिकली.

उड्डाणाला दहा महिने उरले असताना बारा जाळ्यांची रांग थंड करून तपासली. प्रत्येक जाळीवर क्षणभर ऊब टाकायची आणि ती किती लवकर उतरते ते बघायचं. आलेखावर अकरा जाळ्यांची रेघ कड्यावरून दगड पडावा तशी सरळ खाली आली. नऊ नंबरची रेघ मात्र घसरगुंडीवरून उतरल्यासारखी रेंगाळत उतरली. चिमटाबाईनं रांग बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली धरली. तिसऱ्या पायाचा जोड कच्चा होता. गोंद पसरला होता, बसला नव्हता. तिच्याच हातचं काम. ती मनातल्या मनात स्वतःवर चडफडली, आणि मग नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: "नऊ नंबर: तिसऱ्या पायाचा जोड कच्चा. ऊब रेंगाळते. हिचं मोजमाप वापरू नये." खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. गोड बोलणारा माणूस. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

"बसा बाई. नऊ नंबरचं बघितलं मी. दुरुस्त होईल?"

"नाही सर. हात लावला तर शेजारच्या आठ आणि दहासुद्धा जातील. रांगच नवी करावी लागेल."

"किती दिवस?"

"सात महिने. घाई केली तर सहा."

सर हसले. "रांग दुर्बिणीत बसवायला दोन महिन्यांत द्यायची आहे, उड्डाण आपल्यासाठी थांबत नाही हो. रांग वेळेत गेली नाही तर त्या जागी दुसऱ्या देशाचा डिटेक्टर बसवायला लोक टपलेत. आपला विभागच बंद होईल. बारातली एक जाळी मंद आहे, एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी नको ना सर. नऊ नंबर वगळा, एवढं कळवलं की झालं. बाकी अकरा सोन्यासारख्या आहेत."

"तेच तर म्हणतोय मी. शास्त्रज्ञांना मी पत्रानं कळवतो, नऊ वगळा म्हणून. त्यांना कळलं म्हणजे झालं ना? पण ही वही तपासणीवाल्यांपुढे जाते. त्यांना कच्चा हा शब्द दिसला की ते अख्खी रांग परत पाठवतील. त्यांना खगोलशास्त्राचं काय घेणंदेणं?"

सरांनी वही उघडून ठेवली होती. कालचं पान ब्लेडनं इतकं सफाईदार कापलेलं होतं की शिवणीत तसूभरही कागद उरला नव्हता. शेजारी कोरं पान होतं.

"कालचीच तारीख घाला," ते म्हणाले. मग जणू आत्ताच आठवल्यासारखं, "तुमच्या कायम नोकरीची फाइल माझ्याकडेच आहे. चौदा वर्षं म्हणजे फार झालं. मलाच लाज वाटते."

चिमटाबाईनं पेन हातात घेतलं. पुढे कितीतरी वेळा तिनं त्या क्षणाचा हिशेब मांडून पाहिला: आपण नोकरीसाठी लिहिलं, की विभाग वाचावा म्हणून, की सर पत्र पाठवणार यावर आपला खरंच विश्वास होता म्हणून? तिन्ही होतं. तिनं एकाखाली एक बारा ओळी लिहिल्या, प्रत्येकीपुढे "ठीक" लिहिलं आणि सही केली. हात जराही थरथरला नाही. थरथरणारा हात तिचा नव्हताच.

महिन्याभरात ती कायम झाली. नवऱ्यानं डेपोतल्या सगळ्यांना चहा पाजला.

दुर्बीण वर गेली. अडीच वर्षं तिनं आकाश पट्ट्यापट्ट्यांनी चाळून काढलं, मग हेलियम संपला आणि ती मुकाट झाली. नऊ नंबरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सरांनी पत्र पाठवलं असणार, असं चिमटाबाई धरून चालली. विचारलं मात्र नाही. सर तोवर संस्थेचे संचालक झाले होते, आणि संचालकांना असलं काही विचारायला जायचं म्हणजे आधी चिठ्ठी पाठवावी लागायची.

त्यानंतर दोन वर्षांनी एका शनिवारी लेक घरी आली ती दारातूनच ओरडत. हातात छापील निबंध. वर्तमानपत्रातही बातमी होती, फोटोसकट. बापानं ती बातमी वाचून दाखवली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचून दाखवली.

"म्हणजे नेमकं काय सापडलंय गं तुला?" त्यानं विचारलं. "बसमध्ये कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

"बाबा, सात तरुण तारे सापडलेत. प्रत्येकाच्या शेजारी थंड धुळीचा एक ढग आहे, एका बाजूला ओढल्यासारखा. तारा आपल्याभोवतीची धूळ टाकून देतोय. त्याच धुळीतून ग्रह बनायचे असतात. म्हणजे या ताऱ्यांना ग्रह होणारच नाहीत. हे आजवर कुणी पाहिलेलं नाही." तिनं श्वास घेतला. "शुक्रवारी मोठ्या परिषदेत माझं व्याख्यान आहे. आणि ते झालं की मला स्वतःचा संशोधन गट देणार आहेत. माझा गट, बाबा!"

"मास्तरणीला वर्ग मिळाला," बाप म्हणाला आणि डोळे पुसायला आत गेला.

रविवारी जेवणं झाल्यावर चिमटाबाई निबंध घेऊन खिडकीशी बसली. मजकूर तिला कळण्यातला नव्हता, पण चित्रं होती. सात चित्रं. प्रत्येकात एक झळझळीत ठिपका आणि त्याच्या उजवीकडे एक फिकट डाग, ठिपक्यापाशी जाड आणि पुढे विरत गेलेला. तिनं पहिलं चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसऱ्यात तिचं बोट त्या डागावरच थांबलं. हा उतार तिनं पाहिलेला होता. आपलं अक्षर आपल्याला ओळखू यावं तसा तो तिला ओळखू आला.

"अगं," तिनं आवाज शक्य तितका साधा ठेवत विचारलं, "आकाश बघताना दुर्बीण कुठल्या बाजूला सरकत होती?"

"या चित्रांत डावीकडून उजवीकडे. का गं?"

"उलटी फिरलीच नाही कधी?"

"दुसऱ्या फेरीत फिरणार होती. त्याआधी हेलियम संपला." लेक हसली. "आई, तू तर निबंध तपासणाऱ्या परीक्षकापेक्षा कडक निघालीस. त्यानंही हेच विचारलं होतं."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं की डिटेक्टर मंद असता तर असा शेपटीसारखा डाग पडला असता. पण तुमच्या संस्थेची तपासणीची यादी आहे ना, बाराच्या बारा जाळ्या ठीक. तुझ्या हातच्या जाळ्या, आई! परीक्षकाला हे लिहिता येत नव्हतं, नाहीतर लिहिलं असतं."

चिमटाबाई हसली. कशी हसली ते तिलाच माहीत. दुपारच्या गाडीनं लेक गेली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिला वाटलं, आपली खात्री कुठे आहे? पत्र गेलं असेल. नऊ वगळलेली असेल, आणि हे डाग खरेच ढग असतील. सरांच्या तोंडून एवढं ऐकलं की मनावरचा दगड उतरेल. सोमवारी तिनं चिठ्ठी पाठवली. बुधवारी भेट मिळाली.

संचालकांच्या खोलीत गालिचा होता आणि भिंतीवर त्या दुर्बिणीचा मोठा फोटो. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्र," ते म्हणाले. "तेव्हा इतकी धावपळ होती ना बाई. राहून गेलं असावं."

"राहून गेलं?"

"पाणी घ्या." त्यांनी ग्लास पुढे सरकवला. "आता शांतपणे विचार करा. सात डाग आहेत. ती दुर्बीण आता बंद आहे, पुन्हा बघायची सोय नाही. पुढची दुर्बीण जायला अजून बारा-पंधरा वर्षं. तिला ते डाग दिसले नाहीत तर लोक म्हणतील, जुन्या मोजमापात काहीतरी गफलत होती. शास्त्रात असं होतच असतं. कुणाचं नाव घेणार नाहीत. तोवर तुमची मुलगी कुठल्या कुठे पोचलेली असेल."

"पण ते खोटं आहे, सर."

"खोटं तुम्ही लिहिलंत, मुलीनं नाही. ती तर बिचारी यादीवर विसंबली." त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "तंत्रज्ञ म्हणून नका विचार करू. आई म्हणून करा."

आणि सांगायला लाज वाटेल अशी गोष्ट ही, की तिनं केला. बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारची सकाळ ती आई म्हणून विचार करत राहिली, आणि आई म्हणून विचार केला की गप्प बसणंच बरं वाटत होतं. गुरुवारी दुपारी मात्र तिच्यानं राहवेना. तिनं फोन लावला.

"आई, विमानतळावर आहे, रांगेत. पटकन बोल."

जे बोलायचं होतं ते पटकन बोलण्यासारखं नव्हतं. "काही नाही," ती म्हणाली. "सांभाळून जा. नीट जेव."

शुक्रवारी व्याख्यान झालं. शनिवारी लेकीचा फोन आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कुणीतरी म्हातारे प्राध्यापक येऊन तिचा हात धरून बोलले, गटाच्या कागदावर सही झाली. बाप फोन कानाला लावून नुसता "वा, वा" म्हणत होता. रविवारी लेक आपल्या खोलीवर पोचली तेव्हा आई जिन्यात बसलेली होती.

चिमटाबाईनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, फक्त बुधवार सांगितला नाही. ऐकून झाल्यावर लेक टेबलाशी बसली, संगणक उघडला आणि मूळ मोजमापं काढली. कुठला तारा कुठल्या जाळीच्या पट्ट्यात येतो ते निबंधासाठी सगळं एकत्र शिवताना मागे पडलं होतं; ते आता एकेक उसवून बघायचं होतं.

"पहिला," ती म्हणाली. बराच वेळ बोटं चालली. "नऊ."

"दुसरा. नऊ."

"तिसरा. नऊ."

चौथ्यापासून तिनं बोलणं बंद केलं. आई पलंगाच्या कडेवर बसून तिच्या पाठीकडे बघत होती. सातवा झाल्यावर लेकीनं संगणक मिटला.

"कधीपासून कळलंय तुला?"

"रविवारपासून."

"आजच रविवार आहे."

"मागच्या."

लेकीनं मान हलवली, जणू कुणी तिला गाडीची वेळ सांगितली. "आई, आता तू जा," ती म्हणाली. "मला पत्र लिहायचंय."

तिनं निबंध मागे घेतला. कुणी सांगण्याची वाट पाहिली नाही. सोमवारी सकाळी संपादकांना, परिषदेला आणि गट देणाऱ्यांना, तिघांनाही एकच पत्र गेलं: नऊ नंबरची जाळी सदोष होती, हा दोष यादीत दडवला गेला, माझे सातही ढग खोटे आहेत. ज्या वर्तमानपत्रानं आधी फोटो छापला होता त्यानं तोच फोटो पुन्हा छापला. गट देणाऱ्यांनी तिच्या प्रामाणिकपणाचं दोन परिच्छेद भरून कौतुक केलं आणि तिसऱ्यात गट काढून घेतला.

दोष दडवला गेला असं लिहिल्यावर चौकशी आलीच. तिघांची समिती बसली. लांबट टेबल, एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला सर, चिमटाबाई, आणि शेवटच्या खुर्चीवर लेक, कारण नुकसान तिचं झालं होतं.

चिमटाबाईनं जे घडलं ते सांगितलं. कापलेलं पान, कोरं पान, पत्राचा शब्द. समितीच्या अध्यक्षांनी वही मागवली, पानं उलटसुलट करून पाहिली. शिवणीत काही सापडलं नाही.

"दुसऱ्या कुणी पाहिलं होतं ते पहिलं पान?"

"नाही, साहेब. मी आणि सर."

सरांना विचारलं. ते वाईट वाटल्यासारखे पुढे झुकले. "बाईंचा हात म्हणजे आमच्या संस्थेची शान," ते म्हणाले. "त्यांच्याविरुद्ध बोलताना मला यातना होतात. पण असं कुठलंही पान मी पाहिलं नाही. जाळीतला दोष मला कळला तो गेल्या महिन्यात, एका बुधवारी, बाई माझ्याकडे आल्या तेव्हा. मी त्यांना तिथल्या तिथे म्हटलं, आधी मुलीला सांगा, तिचं व्याख्यान आहे. शुक्रवार उलटू देऊ नका. माझ्या सेक्रेटरीच्या वहीत त्या भेटीची नोंद आहे."

लेकीनं मान वळवून आईकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

"बुधवारी तुम्ही यांच्याकडे गेला होतात?" अध्यक्षांनी विचारलं.

"गेले होते. पण हे असं म्हणाले नाहीत. हे म्हणाले, आई म्हणून विचार करा."

समितीतल्या एकानं कपाळावर आठ्या घालून काहीतरी लिहून घेतलं. मग अध्यक्ष लेकीकडे वळले. "तुम्ही यांना जन्मापासून ओळखता. तुम्हाला काय वाटतं? आपण होऊन खोटी नोंद करतील अशा या आहेत का?"

खोलीत पंखा फिरत होता. लेक टेबलावरच्या वहीकडे बघत होती, त्या बारा ओळींकडे. आईला ठाऊक होतं, ही पोरगी अर्धवट माहितीवर बोलत नाही, लहानपणापासून नाही.

"सही तिची आहे," लेक म्हणाली.

एवढंच. अध्यक्षांनी पुढे काही विचारलं नाही. अहवाल चार ओळींचा आला: तंत्रज्ञाच्या कामातील दोष, तंत्रज्ञाकडूनच नोंदीत दडवला गेला, वरिष्ठांना त्याची माहिती नव्हती, संस्थेनं नोंदीची पद्धत सुधारावी. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं असताना चिमटाबाईला घरी बसवलं. सर पुढच्या दुर्बिणीच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष झाले. नोंदीची पद्धत कशी सुधारावी यावर त्यांचं एक भाषणही झालं म्हणे.

नवरा सुरुवातीला भडकला. वकील करू, वर्तमानपत्रात जाऊ, त्या गोडबोल्याला रस्त्यात गाठू. "त्याला एकदा माझ्या बसमध्ये चढू दे," तो म्हणायचा, "शेवटच्या स्टॉपपर्यंत दारच उघडणार नाही." मग हळूहळू तो थंडावला. खगोलशास्त्रात लेकीला पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही. कुणी तिला वाईट म्हणत नव्हतं, फक्त तिचं नाव निघालं की लोकांना ते सात डाग आठवत. तिनं दूरच्या एका कारखान्यात नोकरी धरली. भट्टीच्या भिंतीतून ऊब कुठे गळते ते कॅमेऱ्यानं बघायचं. दर रविवारी तिचा बापाला फोन यायचा. शेवटी ती विचारायची, "आई बरी आहे ना?" आणि बाप समोर बसलेल्या बायकोकडे बघून सांगायचा, "बरी आहे."

दीड वर्षानं बापाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आयुष्यभर क्लच दाबून गुडघा झिजला होता. लेक सुट्टी काढून आली. ऑपरेशन चाललेलं असताना दोघी मायलेकी बाहेरच्या बाकावर बसल्या. मधे एका माणसाची जागा सोडलेली, तिथे बापाच्या चपला आणि कागदपत्रांची पिशवी. लेक बारीक झाली होती. बोटाला भाजल्याची खूण होती.

"भट्टीपाशी हातमोजे घालत जा," चिमटाबाई म्हणाली.

"घालते."

समोरून एक बाई फरशी पुसत आली, यांनी पाय वर घेतले, ती पुढे गेली.

"तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही," चिमटाबाई म्हणाली. "सही केली ती केली. तू तिथे जे बोललीस तेही खरंच होतं."

"सहीचा राग नाहीये मला, आई." लेकीचा आवाज अगदी सरळ होता, हे वाक्य तिनं मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं असावं. "सहीचं मी समजू शकते. चौदा वर्षं तुला लटकवत ठेवलं होतं, मी असते तर मीही कदाचित केली असती. पण रविवारी चित्रं बघून तुला कळलं. मी समोर बसले होते, तुझ्यापासून हातभर अंतरावर. आणि तू मला सोडून त्याच्याकडे गेलीस. विचारायला."

"विचारायला नाही गेले गं. त्यांनी एवढंच म्हणावं, की पत्र पाठवलं होतं. तेवढं ऐकायला गेले."

"आणि तो म्हणाला असता, पाठवलं होतं, तर?"

चिमटाबाईला पटकन काहीतरी बोलता आलं असतं. आईला बोलता येतं. पण तिनं नीट विचार केला, अंदाज घेतला, आणि मग म्हणाली, "तर मी विश्वास ठेवला असता. आणि तुला काही सांगितलं नसतं."

"तेच," लेक म्हणाली.

दार उघडलं. नर्सनं बापाचं नाव घेतलं आणि विचारलं, "नातेवाईक कोण? एकालाच आत सोडते."

दोघी एकदमच उठल्या. चिमटाबाई मागे सरकली. "तू जा," ती म्हणाली. "शुद्धीवर आला की तुलाच शोधेल." लेकीनं पिशवी उचलली, चपला घेतल्या आणि मागे न बघता आत गेली. दार आपोआप लागलं. चिमटाबाई पुन्हा बाकावर बसली, तिच्याच जागी, कडेला.